खरे बोलण्याचा खर्च कुणाच्या माथी?

गुजरात उच्च न्यायालयाने १९९६ साली राज्यातल्या प्रदूषणकारी कारखान्यांवर एक नवे बंधन घातले. कारखान्याने दरवर्षी बाहेरच्या, त्रयस्थ ऑडिटरकडून आपल्या धुराची आणि सांडपाण्याची मोजणी करून घ्यायची आणि तो अहवाल प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जायचा. सरकारी निरीक्षकांच्या जोडीला आणखी एक डोळा मिळावा, हा हेतू. त्यात खोट काढण्यासारखे काहीच नव्हते. मात्र ऑडिटर कोणता नेमायचा हे कारखाना ठरवणार होता आणि त्याची फीही कारखानाच देणार होता. पुढे एस्थर दुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन या चार अर्थशास्त्रज्ञांनी मंडळाच्याच सहकार्याने अहमदाबाद आणि सुरत भागांतल्या ४७३ कारखान्यांवर दोन वर्षे एक प्रयोग केला. जुन्या पद्धतीने चाललेल्या कारखान्यांच्या अहवालांत हवेतल्या धूलिकणांची मर्यादा ओलांडणारे कारखाने अवघे ७ टक्के होते. स्वतंत्र पथकाने त्याच चिमण्यांची फेरमोजणी केली, तेव्हा ते ५९ टक्के निघाले. ऑडिटरांनी नोंदवलेले आकडे तर कायद्याच्या मर्यादेच्या किंचित खाली एका जागी गोळा झालेले होते, जणू राज्यभराच्या धुराने तिथेच थांबायचे ठरवले असावे.

प्रयोगाच्या दुसऱ्या गटात चार गोष्टी बदलल्या. ऑडिटर कारखान्याने निवडायचा नाही, चिठ्ठी टाकून ठरवायचा. त्याचे पैसे एका सामाईक निधीतून, ठरलेल्या दराने द्यायचे. काही मोजण्या अचानक पुन्हा तपासायच्या. आणि दुसऱ्या वर्षापासून मोजणी जितकी अचूक तितका मोबदला अधिक. खोट्या नोंदी झपाट्याने खाली आल्या. त्याहून महत्त्वाचे म्हणजे अहवाल खरे येऊ लागल्यावर कारखान्यांनी आपले प्रदूषणही घटवले. पण या अभ्यासातली जी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते, ती थोडी आत दडलेली आहे. काही ऑडिटर संस्था एकाच काळात दोन्ही गटांत काम करत होत्या. तीच उपकरणे, तेच शिक्षण, त्याच संस्था. जिथे कारखाना त्यांना नेमत होता तिथे त्या धूर कमी लिहीत होत्या आणि जिथे चिठ्ठीने नेमणूक झाली होती तिथे खरे लिहीत होत्या. या ऑडिटरांना प्रामाणिक म्हणावे की अप्रामाणिक, हा प्रश्न इथे उत्तर देण्याच्या लायकीचाच उरत नाही.

कामाच्या ठिकाणी माणसे कशी वागतात, तशी का वागतात आणि कशी वागायला हवीत, या तीन प्रश्नांचा अभ्यास हा या पुस्तकाचा विषय आहे. या प्रश्नांकडे बघण्याची आपली सवय स्वभावापासून सुरू होते. घोटाळा उघडकीस आला की आपण माणूस शोधतो. सापडला की त्याची नियत, त्याचे संस्कार, त्याची हाव यांवर बोलतो. आणि तो निलंबित झाला की प्रकरण मिटले असे धरतो. मला या प्रस्तावनेत एवढेच मांडायचे आहे की ही सुरुवात चुकीच्या टोकाने होते. व्यावसायिक नीतीचा पहिला प्रश्न असा हवा: या जागी खरे बोलण्याचा खर्च कुणावर पडतो? तो खर्च बोलणाऱ्यावर पडत असेल, तर बहुतेक माणसे बहुतेक दिवशी गप्प राहतील, आणि ती वाईट असतील म्हणून नव्हे. माणसाची जबाबदारी त्यानंतर येते. ती येतेच, आणि तिच्याकडे मी पुढे वळणार आहे.

ज्याची तपासणी त्यानेच तपासणारा नेमायचा, हा गुजरातचा कच्चा दुवा आपल्या आजूबाजूला किती ठिकाणी आहे, हे पाहिले की विषयाचा आवाका कळतो. महाराष्ट्रातल्या सहकारी संस्थांचे लेखापरीक्षण पूर्वी मुख्यतः सहकार खात्याच्या हातात होते. ९७व्या घटनादुरुस्तीनंतर राज्याच्या सहकार कायद्यात २०१३ साली बदल झाले आणि शासनाने मान्य केलेल्या नामतालिकेतून लेखापरीक्षक निवडण्याचा अधिकार संस्थेच्या सर्वसाधारण सभेकडे आला. संस्थांची स्वायत्तता हा त्यामागचा विचार, आणि तो रास्तच होता. पण पतसंस्थेच्या सर्वसाधारण सभेत लेखापरीक्षकाचे नाव कोण सुचवते आणि हात वर करणारे कुणाकडे बघून हात वर करतात, हे गावोगावच्या सभासदाला सांगावे लागत नाही. ज्या संचालक मंडळाचे कर्जवाटप तपासायचे, तेच पुढच्या वर्षी नाव सुचवणार. कंपन्यांचे हिशेब तपासणारे सनदी लेखापाल, कर्जरोख्यांना पत देणाऱ्या मानांकन संस्था, यांचीही गोष्ट याच वळणाची आहे. पायाभूत सुविधांना वित्तपुरवठा करणारी आयएल अँड एफएस ही कंपनी २०१८ च्या उत्तरार्धात देणी थकवू लागली, तेव्हा त्याच्या थोडे आधीपर्यंत तिला सर्वोच्च मानांकन होते. आणि मानांकनाची फी रोखे काढणारी कंपनीच देते. उसाचा रास्त आणि किफायतशीर दर (एफआरपी) साखर उताऱ्याशी बांधलेला आहे, आणि उतारा मोजणारी प्रयोगशाळा असते कारखान्याची. तिथला केमिस्ट चुकीचे मोजतो असे मी म्हणत नाही. मोजणाऱ्याची भाकरी ज्याच्या हाती, त्याच्याच विरोधात जाऊ शकणारा आकडा रोज लिहायला आपण एका पगारदार माणसाला बसवले आहे, एवढेच म्हणतो. त्याने तो खरा लिहिला तर त्याचे कौतुक आहे. पण शेतकऱ्याचे पैसे त्या कौतुकावर अवलंबून का असावेत?

आता दुसरी बाजू, म्हणजे वरून येणारे लक्ष्य. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो या बँकेने प्रत्येक कुटुंबाला आपली आठ उत्पादने विकण्याचे ध्येय ठरवले होते. शाखेतल्या कर्मचाऱ्यांना रोजची लक्ष्ये होती आणि ती पूर्ण झाली नाहीत तर नोकरीची धास्ती होती. २०१६ च्या सप्टेंबरात बाहेर आले की ग्राहकांना न विचारता त्यांच्या नावावर सुमारे वीस लाख खाती आणि कार्डे उघडली गेली असावीत. हा अंदाज पुढे आणखी वाढला. बँकेला साडेअठरा कोटी डॉलरचा दंड झाला. तोवर काही वर्षांत मिळून सुमारे ५,३०० कर्मचारी काढले गेले होते, आणि नियम मोडणाऱ्या काही जणांचे हे कृत्य आहे, असा बँकेचा सुरुवातीचा पवित्रा होता. ५,३०० माणसे! एवढ्या माणसांना दूरदूरच्या शाखांत, एकमेकांना न ओळखता, एकच युक्ती सुचते, तेव्हा ती युक्ती त्यांच्या स्वभावातून आलेली नसते. ती त्या लक्ष्यातच दडलेली असते. पुढे बँकेच्या संचालक मंडळाने नेमलेल्या चौकशीनेही विक्रीच्या या दबावावर आणि तो चालू देणाऱ्या वरिष्ठांवर बोट ठेवले. आपल्याकडे मार्चअखेरीस बँकांच्या शाखांत विमा पॉलिसी कशा खपवल्या जातात, हे ज्याने पाहिले आहे, त्याला यात परके काही वाटणार नाही.

या मांडणीवरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा: माणसामाणसांत फरक असतोच. सगळे ऑडिटर वाकले म्हणून सगळी माणसे वाकतात असे नाही, तेव्हा चांगली माणसे निवडा, बाकीचे आपोआप सुधारेल. या आक्षेपाला पुरावाही आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. रेमा हॅना आणि शिंग-यी वांग यांनी बंगळुरूच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एक फासा ४२ वेळा टाकायला सांगितला. पडलेले आकडे त्यांनी स्वतःच लिहायचे आणि बेरजेवर पैसे मिळायचे. कुणी एकटा खोटे बोलला हे सिद्ध करता येत नाही, पण अशक्यप्राय मोठी बेरीज कुणाची आली हे दिसते. अशी बेरीज लिहिणाऱ्यांचा ओढा सरकारी नोकरीकडे अधिक होता. शिवाय सरकारी परिचारिकांना हाच खेळ दिला, तेव्हा फाशात लबाडी करणाऱ्यांची कामावरची फसवी गैरहजेरीही जास्त आढळली. म्हणजे स्वभाव आहे, आणि तो कामात उतरतो. मग माझ्या म्हणण्याचे काय? उत्तर डेन्मार्कमध्ये सापडते. तिथल्या विद्यार्थ्यांना असाच फासा दिला, तर उलटे चित्र निघाले: सरकारी नोकरीची ओढ प्रामाणिकपणे आकडे लिहिणाऱ्यांना अधिक होती. फासा तोच, माणसांची जात तीच, प्रवाह मात्र विरुद्ध दिशेने. एखाद्या नोकरीत पगारापलीकडे काय मिळते, याची गावभर जी समजूत असते, तीच ठरवते की त्या दारात रांग कुणाची लागणार. चांगली माणसे निवडायची तर आधी ती अर्ज करतील अशी जागा तयार करावी लागते, आणि इथे आपण पुन्हा रचनेपाशी येऊन थांबतो.

याच संदर्भात परीक्षांबद्दल थोडे बोलायला हवे. केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०१३ पासून मुख्य परीक्षेत नीतिशास्त्र आणि सचोटीवर अडीचशे गुणांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका ठेवली. तिच्यामुळे पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत हजारो मुले नीतीविषयी वाचू लागली, ही चांगलीच गोष्ट आहे. विचार करायला शब्द लागतात आणि ते शब्द या पत्रिकेने दिले. पण ती उत्तरे सचोटीची चाचणी आहेत असे मानणे धोक्याचे आहे. लाच देऊ करणाऱ्या कंत्राटदाराला काय सांगावे, हे परीक्षेत लिहिताना उमेदवाराचे काही जात नाही, उलट गुण मिळतात. प्रत्यक्ष खुर्चीत तेच उत्तर देताना बदली, मुलांची शाळा, वरिष्ठांचा गोपनीय अहवाल हे सारे पणाला लागलेले असते.

दुसरा आक्षेप नैतिक आहे, आणि मला तो पहिल्यापेक्षा गंभीर वाटतो. सगळा दोष रचनेवर टाकला की माणूस मोकळा होतो; खोटी सही करणारा उद्या म्हणेल, मी काय करणार, व्यवस्थाच तशी. स्टॅनली मिलग्रॅमने १९६१-६२ मध्ये येल विद्यापीठात केलेले प्रयोग याच पळवाटेसाठी वापरले जातात. प्रयोगकर्त्याने शांतपणे सांगितले म्हणून ४० पैकी २६ जण, आपण दुसऱ्याला विजेचे झटके देत आहोत अशा समजुतीने, शेवटच्या ४५० व्होल्टपर्यंत गेले. या प्रयोगाच्या पद्धतीवर पुढे बरीच टीका झाली आणि तिच्यातली काही योग्य आहे. पण त्याच मालिकेतला दुसरा एक प्रयोग क्वचितच कुणाला आठवतो. त्यात सहभागी माणसाच्या शेजारी आणखी दोघे बसवले होते आणि ठरल्याप्रमाणे ते मध्येच काम थांबवून उठले. तेव्हा शेवटापर्यंत जाणारे उरले ४० पैकी ४. शेजारच्या खुर्चीवरच्या दोघांनी नाही म्हटल्याने एवढा पालट झाला. यातून जबाबदारी पुसली जात नाही, ती वाढते. मी नाही म्हणालो तर ते माझ्यापुरते राहत नाही; माझ्या बाजूच्या टेबलावरच्या माणसाचा खर्चही मी कमी करतो. आणि मी मान डोलावली तर तो वाढवतो.

चॅलेंजर अंतराळयानाचे प्रकरण इथे नीट वाचले पाहिजे. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री मॉर्टन थायोकोल कंपनीच्या अभियंत्यांनी, उद्या थंडी फार आहे, यानाच्या रॉकेटच्या सांध्यातली रबरी कडी दगा देईल, उड्डाण नको, असे दूरध्वनी बैठकीत सांगितले. नासाने नाराजी दाखवली. कंपनीच्या लोकांनी थोडा वेळ मागून घेतला आणि त्या वेळात वरिष्ठांनी निर्णय फिरवला. निर्णयाच्या क्षणी विरोध करणाऱ्या अभियंत्यांचे मत मोजलेच गेले नाही. दुसऱ्या दिवशी यान उड्डाणातच फुटले आणि त्यातले सात जण गेले. समाजशास्त्रज्ञ डायान व्हॉन यांनी दाखवले आहे की या निर्णयाची तयारी कित्येक उड्डाणे आधीपासून चालू होती: कडी थोडी जळालेली आढळायची, यान मात्र सुखरूप परत यायचे, आणि दर वेळी थोडे अधिक जळणे चालण्यासारखे ठरायचे. रचना आहे, हे खरेच. पण त्या खोलीत वरिष्ठ होते आणि निर्णय त्यांचा होता. माझ्या मते रचनेचा विचार जबाबदारी काढून घेत नाही; ती योग्य मजल्यावर नेऊन ठेवतो. लक्ष्य ठरवणारा, नेमणुकीचा नियम लिहिणारा, कुणाचे मत मोजायचे हे ठरवणारा, हे सगळे नीतीचे निर्णय घेत असतात, जरी त्यांच्या हाताला कधीच शाई लागत नसली तरी. शाखेतली खोटी सही पकडता येते म्हणून तिच्यावर खटला होतो. ती सही ज्या परिपत्रकामुळे झाली, त्यावर कुणाची तरी सही असतेच, आणि आपण ती वाचत नाही.

तिसरा आक्षेप उलट दिशेने येतो. असे असेल तर काम सोपे आहे: मोजा, कॅमेरे लावा, हजेरीशी पगार जोडा. राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यात हे करून पाहिले गेले, दोनदा. सेवा मंदिर ही संस्था खेड्यांतून अनौपचारिक शाळा चालवत होती. शिक्षकांना कॅमेरे दिले, दिवसाच्या सुरुवातीला आणि शेवटी मुलांसोबत फोटो काढायचा, आणि पगार हजर दिवसांवर. गैरहजेरी ४२ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आली आणि मुलांची प्रगतीही सुधारली. मग याच जिल्ह्यात, याच संस्थेच्या मदतीने, सरकारी उपकेंद्रांतल्या परिचारिकांसाठी वेळ-तारखेचा शिक्का उमटवणारी यंत्रे आणली. गैरहजेरीचा पगार कापण्याचे आरोग्य खात्याने मान्य केले. पहिले काही महिने हजेरी छान वाढली. साधारण सोळा महिन्यांनी मोजले तेव्हा यंत्र असलेल्या आणि नसलेल्या केंद्रांत फरकच उरला नव्हता. दोष मुख्यतः यंत्रांचा नव्हता. ‘सवलतीचे दिवस’ वाढले होते: परिचारिकांनी मागायचे आणि खात्याने मंजूर करायचे. मला हा अपयशी प्रयोग त्या यशस्वी प्रयोगापेक्षा अधिक शिकवणारा वाटतो. पहिल्या ठिकाणी मोजणारी संस्था आणि शाळा हवी असणारी संस्था एकच होती. दुसऱ्या ठिकाणी यंत्र बाहेरून आले, आणि ज्यांच्या हाती शिस्त होती त्यांना ते नकोसे झाले. यंत्र फक्त आकडा देते. त्या आकड्याचे पुढे काय करायचे, हे शेवटी कुणाला तरी मनापासून हवे असावे लागते.

आणि मोजणे जसे खरे बाहेर काढते तसे ते दडवूही शकते. एमी एडमंडसन यांनी अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या वॉर्डांत औषध देताना होणाऱ्या चुका अभ्यासल्या; निष्कर्ष १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. जिथे परिचारिका एकमेकींशी आणि प्रमुखांशी मोकळेपणाने वागत होत्या, तिथे चुकांची नोंद जास्त होती. त्या वॉर्डांतला हात अधिक ढिला होता असे नव्हे. चूक सांगितली तर आपल्याला खाऊन टाकणार नाहीत, एवढा भरवसा तिथे होता. चुकांच्या आकड्यावर वॉर्डांची क्रमवारी लावणारा प्रशासक नेमक्या सर्वांत सुरक्षित वॉर्डाला शेवटचा नंबर देईल. आपल्या जिल्हा रुग्णालयांत, पोलीस ठाण्यांत गुन्हा नोंदवून घेताना, शाळांच्या निकालात हा धोका रोजचा आहे. शिवाय माणूस कामाला फक्त पगारासाठी येत नाही, हेही विसरता कामा नये. अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये १९५३ साली स्वयंचलित माग बसवूनही उत्पादन वाढत नव्हते. टॅव्हिस्टॉक संस्थेच्या ए. के. राइस यांनी सुचवलेल्या गटपद्धतीचा आराखडा कामगारांनी आणि पर्यवेक्षकांनी स्वतः तपशिलात ठरवला: प्रत्येकाने एकेक तुकडा काम करण्याऐवजी लहान गटाने काही मागांची मिळून जबाबदारी घ्यायची. उत्पादन वाढले आणि खराब कापड कमी झाले. ज्याला आपल्या कामाचे टोक दिसते, त्याच्यावर पहारा कमी लागतो.

या अभ्यासशाखेच्या विश्वासार्हतेबद्दलही वाचकाला आधीच सांगणे माझे कर्तव्य आहे. अर्जाच्या शेवटी सही घेण्याऐवजी सुरुवातीला घेतली की लोक अधिक प्रामाणिक माहिती देतात, असा एक निष्कर्ष २०१२ साली नामांकित नियतकालिकात आला आणि जगभर गाजला. २०२१ मध्ये तो लेख मागे घेतला गेला, कारण त्यातल्या एका प्रयोगाची आकडेवारी बनावट निघाली. प्रामाणिकपणावरच्या संशोधनात असे व्हावे, हे क्लेशदायक आहे. पण त्यामुळे विषय निकालात निघत नाही. चमकदार निष्कर्षाला बढती आणि साध्या निष्कर्षाला दुर्लक्ष, ही संशोधकांची रोजी ज्या नियमाने चालते, तो नियमही याच पुस्तकाच्या कक्षेत येतो. आणि ती चूक उघड झाली ती मूळ आकडे सर्वांसमोर ठेवण्याच्या प्रथेमुळे, बाहेरच्या संशोधकांनी तपासले म्हणून. कच्चा माल खुला न करणाऱ्या दाव्यावर विसंबू नये, असे मला वाटते, मग तो दावा आपल्या बाजूचा का असेना.

आता खरे बोलण्याच्या खर्चाच्या शेवटच्या टोकाकडे येतो. यशवंत सोनवणे मालेगावचे अपर जिल्हाधिकारी होते. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ पानेवाडी येथे तेलाची भेसळ त्यांनी पाहिली, ते थांबले, आणि त्यांना जिवंत जाळण्यात आले. त्याआधी, २००५ च्या नोव्हेंबरात, इंडियन ऑइलचे तरुण अधिकारी मंजुनाथ षण्मुगम उत्तर प्रदेशातल्या लखीमपूर खेरीत भेसळीच्या पंपावर कारवाई केल्यामुळे मारले गेले. या दोघांना आदर्श म्हणून मुलांसमोर ठेवले जाते आणि ते योग्यच आहे. तरी त्यांच्या आठवणीने मला वेगळाच प्रश्न छळतो. रॉकेल आणि डिझेल यांच्या दरांत एवढी तफावत वर्षानुवर्षे ठेवली गेली, की भेसळ हा मोठा धंदा झाला. आणि तो रोखण्याचे काम शेवटी रस्त्यावर उभ्या एका माणसाच्या छातीवर येऊन पडले. दराचा निर्णय घेणाऱ्या कुणालाही त्या दिवशी काही मोजावे लागले नाही. सामान्य अधिकाऱ्याला आपले सामान्य काम करता यावे यासाठी हुतात्मा व्हावे लागत असेल, तर त्याच्या शौर्याचे गोडवे गाताना आपण दुसऱ्या कुणाची तरी जबाबदारी झाकत असतो.

मग करता काय येईल? गुजरातने २०१५ मध्ये पर्यावरण ऑडिटर चिठ्ठीने नेमण्याची पद्धत स्वीकारली. महाराष्ट्रातल्या पतसंस्थांचे आणि सहकारी बँकांचे लेखापरीक्षक नामतालिकेतून अशाच चिठ्ठीने नेमता येतील, फी सामाईक निधीतून देता येईल आणि दर वर्षी काही अहवालांची फेरतपासणी करता येईल. संस्थेची स्वायत्तता जाईल, असा आक्षेप यावर येईल. ठेवीदाराच्या पैशाचा हिशेब कुणी तपासायचा, यात संचालक मंडळाला स्वायत्तता कशासाठी हवी, हे आक्षेप घेणाऱ्यांनी सांगावे. खर्च वाढेल, हा दुसरा आक्षेप खरा आहे आणि त्याचा आकडा काढावा लागेल. बुडालेल्या पतसंस्थांच्या ठेवीदारांनी आजवर गमावलेल्या रकमेच्या शेजारी तो मांडून पाहावा.